रिकामी पुंगळी रिकामीच राहू द्या

दापोली तालुक्यात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, किंवा वडिलांच्या, आजोबांच्या नावावर होती, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. पुढे पितळेच्या समईबद्दल दोन गोष्टी आहेत, त्या सगळ्यांच्याच कामाच्या आहेत.

हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे व्हिडिओ सर्रास दिसतात. बार काढून झालेल्या काडतुसांच्या काळ्या पडलेल्या पितळी पुंगळ्या रबराचं अस्तर असलेल्या ड्रममध्ये टाकायच्या. त्यात पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, चिमूटभर लिंबूफूल आणि स्टेनलेस स्टीलच्या टाचणीच्या तुकड्यांएवढ्या बारीक सळ्यांचा ढीग घालायचा. ड्रम दोन-तीन तास फिरत ठेवला की पुंगळ्या आतून-बाहेरून लख्ख होऊन निघतात. पाहायला फार छान वाटतं. पुढच्या व्हिडिओत त्याच पुंगळ्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवलेली दिसते. आणि मग इकडे कुणाच्या तरी मनात येतं, की काडतुसं एवढी महाग झालीत, डुकरं तर रोज रात्री वाफ्यात उतरतात, माळ्यावर रिकाम्या पुंगळ्यांचा डबा पडलाय, करून बघू या का?

करून बघू नका.

पहिलं कारण अगदी साधं आहे. आपल्याकडे शेतीसंरक्षणासाठी जी बंदूक असते ती बहुतेक ठिकाणी ठासणीची. तिला काडतूसच नसतं, तर पुंगळी येणार कुठून? नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, मागे निपलवर टोपी चढवायची, झालं. ज्यांच्याकडे बारा बोअरची काडतुसी बंदूक आहे त्यांनी आपलं काडतूस एकदा हातात घेऊन नीट बघावं. त्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढीही नसलेली पितळी वाटी असते. त्यावर बोअरचा आकडा आणि कारखान्याचा छाप असतो. खडकीच्या कारखान्याचा असेल तर केएफ अशी इंग्रजी अक्षरं दिसतील. वरचा सगळा भाग प्लास्टिकचा, जुनं असेल तर कागदाचा. कागदाची पुंगळी पाण्याच्या ड्रममध्ये टाकली तर तिचा लगदा होईल, प्लास्टिकच्या पुंगळीचं तोंड बार उडताना आधीच फाकलेलं असतं. आजोबांच्या काळात पूर्ण पितळी पुंगळ्या मिळत आणि लोक त्या पुन्हा भरतही. त्या आठवणीवर आज कुणी जाऊ नये.

अमेरिकेतली मंडळी भरतात ती मुख्यतः रायफलची आणि पिस्तुलाची काडतुसं. स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे. तुमच्या खिशातला परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, काडतूस बनवण्याचा नाही, आणि हे दोन वेगळे परवाने आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. चार काडतुसांचे पैसे वाचवायला जाऊन एवढं विकतचं दुखणं कुणी घ्यायचं?

याच कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही धरले आहेत. म्हणजे टोपी, पुंगळी, भरायचं यंत्र, सगळं आलं. मग शोकेसमध्ये ठेवलेल्या रिकाम्या पुंगळीचं काय? इथे कायद्याने शहाणपणा दाखवला आहे. जो किरकोळ भाग इतर भागांबरोबर वापरण्याचा इरादा नाही, तो जवळ असण्याला पंचेचाळिसाव्या कलमात सूट आहे. आपल्या तालुक्यात फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरं बरीच आहेत, आणि एखाद्या घरात तोफेच्या गोळ्याच्या पितळी नळकांड्यात प्लास्टिकची फुलं खोचलेली दिसतात. त्या फुलदाणीने कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण त्याच शोकेसशेजारच्या कपाटात टोप्या आणि दारूची पुडी सापडली, की ती पुंगळी शोभेची आहे हे कुणाला पटवणार?

आता धोक्याचं बोलू. कायदा बाजूला ठेवला तरी हे काम घरगुती नाही. ठासणीच्या बंदुकीला काळी दारूच चालते. काडतुसातली बिनधुराची दारू तीत भरली तर दाब इतका चढतो की नळी हातात फुटते. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत वापरणं हा म्हणूनच जिवाशी खेळ आहे. आणि फटाके सोलून काढलेली दारू तर त्याहून वाईट, कारण ती जळत नाही, एकदम उडते. छर्रे पुढे जायच्या आत नळी मागे फाटते, आणि मागे तुमचा चेहरा असतो. दारू आणि टोप्या परवानाधारक दुकानदाराकडूनच घ्या, परवान्यात लिहिली आहे तेवढीच घ्या. परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतं हाही गैरसमज काढून टाका. रानडुकरासाठी वन खात्याची वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा नुसता आवाज काढून कळप हाकलणं ही गोष्ट निराळी.

बरं, भरायचं नाही, नुसत्या पुंगळ्या घासून मुलांना खेळायला दिल्या तर? तेही नको. टोपीतल्या स्फोटकात शिशाचं संयुग असतं, आणि बार उडाल्यावर त्याची काजळी पुंगळीच्या आत बसते. अमेरिकेतले लोक पूर्वी मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुसा घालून पुंगळ्या कोरड्याच घुसळत. त्यातून शिसं मिसळलेली धूळ उडते, ती नाकातोंडात जाते, म्हणून बरेच जण पाण्याकडे वळले. पाण्यात धूळ उडत नाही एवढंच, शिसं कुठे जात नाही. ते त्या काळ्या पाण्यात उतरतं. ते पाणी परसात, माडाच्या आळ्यात किंवा विहिरीशेजारी ओतलं तर ते शिसं आपल्याच अंगणात राहिलं. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार थोड्या प्रमाणातही बाधतं. हर्णै-पाजपंढरीकडे जाळ्याची शिशाची वजनं घरी वितळवून ओतणाऱ्यांनीही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, आणि ते काम निदान चुलीजवळ, मुलांसमोर तरी करू नये.

आता समईकडे येतो. आणि त्याआधी एक जुनी हकिगत, कारण कॅम्प दापोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला ती ठाऊक असायला हवी. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवलेली असत, आणि पावसाळा सरला की त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप उभ्या चिरा पडलेल्या दिसत. कुणी हात लावलेला नसे, बार काढलेला नसे. हा प्रकार पावसाळ्यातच होतो म्हणून त्याला नावही ऋतूवरून पडलं. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी 1921 मध्ये त्याचा उलगडा केला. पुंगळी थंड पितळ ओढून-दाबून बनवतात, त्यामुळे धातूच्या आत ताण साठून राहतो. घोड्याच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेतल्या तांब्याला पोखरतो, आणि ताण असेल तिथे चीर जाते. तयार पुंगळी ठरावीक उष्णतेत तापवून ताण काढला की हे थांबतं, आणि पुढे कारखान्यांतून तसं होऊ लागलं.

दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घोडे गेले, पण गोठे आहेत, युरियाची पोती आहेत, आणि ओला झालेला युरिया अमोनियाच सोडतो. पितळेचे हंडे, घंगाळ, पत्र्याची घंटा असं काही गोठ्याच्या पडवीत किंवा खताच्या पोत्यांशेजारी पावसाळाभर ठेवू नका. पातळ, ठोकून केलेल्या भांड्यांना धोका जास्त, ओतीव समईला कमी. काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. बाटलीवर तसं लिहिलं असेल तर पितळेला ते लावू नका, मग डाग कितीही झटकन जात असला तरी.

गणपतीच्या आधी भांडी घासायला ड्रम आणि स्टीलच्या सळ्या लागत नाहीत. त्या ड्रममध्ये काम करणारं लिंबूफूल म्हणजे लिंबातलाच आंबट गुण, आणि चिंच किंवा आमसूल तेच काम शतकानुशतकं करत आलं आहे. बादलीभर पाण्याला चमचाभर लिंबूफूल पुरतं, दहा-पंधरा मिनिटांत डाग सुटतो. भांडं रात्रभर आंबटात बुडवून ठेवू नका. जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं आणि पिवळ्यावर गुलाबी चट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत, कारण तो मळ नसतो, वरचं पितळच बदललेलं असतं. आंबटानंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा आणि लगेच फडक्याने कोरडं करा. आपल्या हवेत निथळत ठेवलेलं पितळ संध्याकाळपर्यंत पुन्हा काळवंडतं. ज्या भांड्यात खायचं शिजवता किंवा आंबट ठेवता त्याची आतली कल्हई तारेच्या घासणीने खरवडू नका. कल्हईवाला आता शोधावा लागतो, हे खरं.

राहिला माळ्यावरचा डबा. त्यात रिकाम्या पुंगळ्यांबरोबर न उडालेली जुनी काडतुसं निघाली तर ती उघडू नका, चुलीत टाकू नका, पाण्यात भिजवली म्हणजे निकामी झाली असं समजू नका. कोकणातल्या दमट हवेत कागदी काडतूस फुगतं, टोपीला हिरवं चढतं, आणि असं काडतूस बंदुकीत घातलं तर चाप ओढल्यावर बार लगेच न होता थोड्या वेळाने होऊ शकतो. तसं कधी झालंच तर नळी मोकळ्या जागेकडे धरून निदान मिनिटभर थांबा, लगेच बंदूक मोडून आत डोकावू नका. बंदूकधारक वारला असेल तर बंदूक आणि काडतुसं घरातच ठेवून परवान्याच्या फेऱ्या मारत बसायचं नसतं. विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, वारसाचा अर्ज नंतर रीतसर होतो. काडतुसं किती होती ते मोजून लिहून न्या आणि पावतीवर तोच आकडा आला आहे का ते ठाण्यातच वाचून घ्या. आणि डबा जुना, गंजलेला, आत काय आहे ते कळत नाही असा असेल तर तो पिशवीत घालून एसटीने नेऊ नका. ठाण्यात फोन करा, त्यांना घरी येऊ द्या.