गळतो म्हणून बूच मारू नका

माझ्या माहेरी, बेळगावला, तांब्याचा बंब होता. सासरी धारवाडला आले तर बच्चलात चुलीवर बसवलेली हंडे! नावं दोन, काम एकच. दर पंधरवड्याला आईची चिंच आणि अत्तींची हुणशी, दोन्ही घरी आंबट लावूनच घासणं चाले.

आता दोन्ही घरी गीझर आहे. गेल्या थंडीत आमचा गीझर तापताना थेंब थेंब गळू लागला. खाली बादली ठेवून कंटाळलो, तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं गळणाऱ्या तोंडाला बूच मारलं आणि म्हणाला, "एनू आगंगिल्री अक्का." मीही खूश!

चार दिवसांनी दीर जेवायला आले. ते आय.टी.आय.त शिकवतात. बूच दिसताच त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. म्हणाले, "वैनी, हा गीझर नाही, बॉम्ब आहे."

मग त्यांनी समजावलं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापलं, की सुमारे ४०० मिलिलिटरने, म्हणजे दोन पेल्यांनी वाढतं. बंबाला, हंडेला नुसतं झाकण असतं, तिथं वाढलेलं पाणी आणि वाफ वाट काढते. गीझरची टाकी मात्र बंद. वाढलेला दाब बाहेर सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह हीच एक वाट. ती बुजवली आणि त्यातच थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी तापतच राहतं आणि टाकी फुटू शकते.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. तापताना चार थेंब पडले तर तो बिघाड नव्हे. व्हॉल्व्हला नळी जोडून ती मोरीत सोडा, तोंड उघडंच ठेवा. गार असतानाही सतत गळत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकला असेल किंवा नळाचा दाब जास्त असेल. व्हॉल्व्ह बदला, बुजवू नका.

आपल्याकडे सवदत्तीहून मलप्रभेचं पाणी येतं, पण ते रोज येत नाही म्हणून पुष्कळ घरी बोअरवेलचं पाणी टाकीत पडतं. ते जड. तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो, वीज जास्त लागते, आतून कडकड आवाज येतो. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवला तर चुना कमी धरतो. वर्षातून एकदा जाणकाराकडून वीज तोडून टाकी रिकामी करून घ्या. कॉइल सायट्रिक अॅसिडच्या पाण्यानं साफ होते. टाकीऐवजी स्वतः गंजणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तीही बदला. अर्थिंग तपासायला विसरू नका.

सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबातलं आंबट. हे ऐकून अत्ती हसल्या. म्हणाल्या, "मग आमची हुणशी काय वाईट होती?"