पंचावन्न लिटरचा रकाना

पाण्याच्या कामात काही बिघडले की आपल्याकडे निकाल दोन शब्दांत लागतो: ठेकेदाराने खाल्ले. पाइप फुटला, कालवा गळला, टाकीला तडे गेले, निकाल तोच. तो खोटा असतो असे नाही. पण इतका सोयीचा आहे की वर्षभर तो ऐकून आमचे डोके उठले आहे. ठेकेदाराच्या ताटात वाढले कोणी, हे विचारायचे मनात कोणाच्या येत नाही. वाढप निविदेच्या कागदावर होते, आणि तो कागद कोणी वाचत नाही.

२०२५ मध्ये इतर काही घडले नाही असे नव्हे. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. पहिलीपासून हिंदीचा हट्ट सरकारला जूनअखेर सोडावा लागला. सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले. त्यावर या अंकात पुढे इतरांनी लिहिले आहे. आमचे वाचक पहिली चार पाने संपादकाला बहाल करून मोकळे होतात, त्याचा फायदा घेऊन हा रुक्ष विषय इथे काढतो.

गावच्या नळयोजनेची निविदा उघडून पाहा. खोदाई घनमीटरमध्ये, पाइप मीटरमध्ये, सळई टनात. बाब, परिमाण, दर, रक्कम. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा वचन होते घरोघरी नळाचे आणि माणशी रोज ५५ लिटरचे. त्या ५५ लिटरला तक्त्यात रकाना नाही. शेवटच्या घरी पाणी चढले तर इतके द्यायचे, न चढले तर इतके कापायचे, असे कोणी लिहीत नाही. चाचणीची अट असते, पण तोवर काम चालू असतानाची बहुतेक बिले, म्हणजे रनिंग बिले, निघालेली असतात. अभियंता मोजमाप पुस्तिकेत जे मोजायला सांगितले तेच लिहितो. पाइप पुरला, मीटर भरले, सही झाली. मार्चनंतर विहिरीला पाणी नसते हे त्याला ठाऊक असते, गावालाही असते. पुस्तिकेत ते लिहायचे कुठे?

२०२४ मध्ये संपायचे मिशन २०२८ पर्यंत लांबले, आणि २०२५ मध्ये राज्यातले ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी आंदोलनाला उतरले. त्यांच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. काही वाचक दचकतील, दचकोत. काम करून घेऊन पैसे न देणे हाही करारभंगच. सरकारने केला की त्याला निधीची अडचण म्हणायचे, इतकेच.

धरणांच्या कागदात कारागिरी याहून जास्त. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाले तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला. भूसंपादन, पुनर्वसन, महागाई ही कारणे खरीच आहेत, पण एखादे काम फुगते कसे ते पाहायचे तर आपल्या सरकारी निविदांचे ३८ वे कलम वाचावे. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्या आकड्याच्या सव्वापटीपुढे गेले की त्यावरच्या कामाला वेगळा दर लागू होऊ शकतो. यात वावगे काही नाही. जमिनीखाली कातळ किती निघेल हे आधी कोणाला दिसते? पण सर्वेक्षण मुद्दाम ढिले ठेवले की हेच कलम कमाईचे होते. मग अंदाजापेक्षा पंचवीस टक्के कमी, म्हणजे बिलो, भरणारा ठेकेदार वेडा नसतो. पहिल्या दहा बाबींवर तो हसत तोटा सोसतो, कारण अकरावी बाब अजून लिहायची आहे हे त्याला माहीत असते. भरावाच्या मातीचे तेच. कागदावर खाण लांब सरकवली की लीड, म्हणजे वाहतुकीचे अंतर, वाढते, आणि ट्रक जागचा न हलता बिल हलते. शेवटी सगळे सुधारित प्रशासकीय मान्यतेत जाते, जिला खात्यात सुप्रमा म्हणतात. नाव मुलीला ठेवावे इतके गोड आहे.

मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये पत्र लिहून हे आतून सांगितले. सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली. माधवराव चितळे यांच्या समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला. आपण चर्चा केली ती कोण अडकणार आणि कोण सुटणार याची. ३८ वे कलम जागेवर आहे.

कायद्याची तऱ्हा वेगळी नाही. पाटबंधारे अधिनियम १९७६ चा. चार दशके उलटली तरी त्याचे नियम झाले नव्हते आणि कालवे इंग्रजी अमलातल्या नियमांवर चालत होते. पाणीप्रश्नाचे अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी यावर लेखणी झिजवली, औरंगाबाद खंडपीठाचे दारही ठोठावले. नियम नाहीत म्हणजे कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे हे ठरलेले नाही, आणि मग काहीच न करणारा कशात सापडत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकड्यांनी कोणत्याही करारावर सही केलेली नव्हती.

आता उलटे उदाहरण, वाघाडचे. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्यावर ओझरकडच्या शेपटाला पाणी पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९१ च्या सुमारास तिथे तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थांनी खात्याशी करार केला तो चक्क घनमीटर पाण्याचा: चारीच्या तोंडाशी मोजून घ्यायचे, मोजले तेवढ्याचे भरायचे, पीक कोणते ते शेतकरी ठरवणार. पुढे सगळे लाभक्षेत्रच संस्थांच्या हाती आले. वाघाडचे कौतुक परिसंवादांत भरपूर होते. तिथला करारनामा मात्र व्यासपीठावरून वाचून दाखवलेला आम्ही ऐकलेला नाही.

तर आमची मागणी. नळयोजनेचे निम्मे देयक शेवटच्या नळाला दोन उन्हाळे पाणी आल्यावरच द्या, आणि उरलेले निम्मे वेळेवर द्या. ठेकेदार म्हणतील, विहीर आटली त्यात आमचा काय दोष? रास्त आहे. म्हणून विहिरीची जागा ठरवणाऱ्याची सहीही त्याच करारात हवी. यात खासगीकरणाचा वास येतो असे कोणी म्हणेल, तर नागपूरने २५ वर्षांचा खासगी करार करूनही सगळ्या शहराला चोवीस तास पाणी मिळालेले नाही, हे आम्हीही जाणतो.

यंदाचा विशेष विभाग किल्ल्यांचा आहे, कारण जुलैत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याचा वरच्या मजकुराशी संबंध ओढूनताणूनच लावावा लागेल, पण लावतो. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीला गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव कोरलेले आहे. आजच्या पाण्याच्या टाकीवर खासदार, आमदार, सरपंच झाडून सगळे असतात. अभियंत्याचे नाव शोधावे लागते.

अंकाची किंमत कागदामुळे वाढवावी लागली. ही आमची सुप्रमा. जादा पान एकही दाखवलेले नाही, मोजून घ्यावे.