बाळंतपणाचे समाधान कशात असते?

नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेतीच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, व्यापारी कुटुंबे वास्तव्यास आली आणि त्यांच्यामागोमाग प्रसूतिगृहेही आली. सूनबाईला किंवा माहेरी आलेल्या लेकीला दिवस गेले की घरात चौकशी सुरू होते. डॉक्टर कोण, स्वतंत्र खोली मिळेल का, एकूण खर्च किती, विम्यातून किती परत मिळेल, हे सारे बारकाईने विचारले जाते. ही सावधगिरी योग्यच आहे. मात्र कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोण असेल आणि तिच्याशी कोण कसे बोलेल, हा प्रश्न बहुधा राहून जातो.

स्त्रीच्या समाधानाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत मोठा ठरतो. कॅनडातील संशोधक एलेन हॉडनेट यांनी २००२ मध्ये या विषयावरील १३७ अहवालांचा आढावा प्रसिद्ध केला. स्त्रीच्या मनातील अपेक्षा, परिचारिका व डॉक्टरांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी जुळलेले नाते आणि निर्णयातील तिचा सहभाग या चार गोष्टींवर समाधान मुख्यतः अवलंबून असते, असे त्यात आढळले. वेदना किती झाल्या, खोली कशी होती, या बाबी त्यांच्या तुलनेत गौण ठरल्या. म्हणूनच पुष्कळ सोसूनही एखादी स्त्री आपल्या बाळंतपणाविषयी समाधानाने बोलते, तर दुसरीच्या मनात सर्व सुखसोयी असूनही सल राहतो.

पूर्वी बाळंतपण घरी होई. ओळखीची सुईण आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अखंड सोबत असत. पण अडलेल्या बाळंतिणीला वाचविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. रुग्णालयांनी ते दिले. २०१८-२० या काळात महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. ही सुरक्षितता अनमोल आहे. परंतु ती मिळविताना सोबत मात्र दाराबाहेर राहिली. प्रसूतिकक्षाचे दार बंद झाले की आई, सासू, पती सारे बाहेर आणि ती एकटी आत, असे चित्र रूढ झाले.

सुरक्षितता आणि सोबत एकत्र नांदू शकतात, याचा दाखला पुण्यातच आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालय १९१२ मध्ये प्रसूतिगृह म्हणूनच सुरू झाले. डॉ. बानू कोयाजी यांनी तेथे अनेक दशके काम केले. वाघोलीहून याच नगर रस्त्याने पुढे गेल्यावर कोरेगाव भीमाजवळ वढू बुद्रुक लागते. तेथे त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. उपचार आधुनिक, पण ते घेऊन येणारी व्यक्ती परिचित, असा तो मार्ग होता. त्यांच्या लोकसेवेचा गौरव १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्काराने झाला.

आज जगभर हाच विचार दृढ झाला आहे. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र तपासल्या. कळांच्या काळात अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी आणि बाळंतपणाविषयीची नाराजीही कमी आढळली. भारत सरकारने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी स्त्री-सोबतिणीला परवानगी दिली. २०१८ मध्ये प्रशिक्षित प्रसूतिसेविकांच्या सेवेसाठी मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने, माता व बालक जिवंत राहणे पुरेसे नसून प्रसूतीचा अनुभवही चांगला असावा, अशी भूमिका घेतली.

खाजगी रुग्णालयांत जाणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शासकीय रुग्णालयांतील १४.३ टक्के, तर खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सिझेरियन वाईट नव्हे. वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेने असंख्य माता व बालके वाचली आहेत. कारण समजावून, संमती विचारून केलेली शस्त्रक्रिया स्त्री समाधानाने स्वीकारतेही. पण मुहूर्त साधण्यासाठी कुटुंबानेच तारीख ठरवावी आणि तिने केवळ मान डोलवावी, ही रीत तपासून पाहायला हवी. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. शुभ वेळेची ही किंमत बाळाने का मोजावी?

सातव्या महिन्यापर्यंत रुग्णालयात काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. कळांच्या काळात सोबतीला आत येऊ देतात का? रात्री कोणते डॉक्टर असतात? कळा येत असताना चालण्याफिरण्याची मुभा आहे का? शस्त्रक्रियेची वेळ आली तर कारण प्रत्यक्ष तिला सांगितले जाईल का? सोबत आईची हवी, सासूबाईंची की पतीची, हे तिनेच ठरवावे. वेदनाशामक इंजेक्शन घ्यायचे की नाही, हेही तिने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. घरच्यांनी तिचा निर्णय डॉक्टरांपुढे ठामपणे मांडावा.

बाळ जन्मले की वजन विचारले जाते, पत्रिकेसाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत टिपून घेतली जाते. पेढे वाटून झाल्यावर कोणीतरी बाळंतिणीजवळ निवांत बसून तिलाही विचारावे, की त्या वेळी तुला कसे वाटले? तिचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे आणि घरातील पुढच्या बाळंतपणाची तयारी करताना ते आठवणीत ठेवावे.