हॅलोविन एंड्स : शेवट झाला, पण लॉरीचा नाही

रेटिंग : ५ पैकी २ स्टार
निर्माते : मालेक अक्कड, जेसन ब्लम, बिल ब्लॉक
दिग्दर्शक : डेव्हिड गॉर्डन ग्रीन
कलाकार : जेमी ली कर्टिस, अँडी मॅटिचॅक, रोहन कॅम्पबेल, विल पॅटन, जेम्स ज्यूड कोर्टनी
कालावधी : १ तास ५१ मिनिटे

हॉरर सिनेमात खुनी मेला, यावर कधी विश्वास ठेवायचा नसतो. ‘हॅलोविन’ मालिकेतला मायकल मायर्स तर गोळ्या खाऊन उठला, आगीत जळून परत आला, एकदा त्याचं डोकं धडावेगळं झालं तरी पुढच्या भागात हजर होता. १९७८ पासून २०२२ पर्यंत या मालिकेचे १३ सिनेमे आले. त्यातल्या तेराव्याचं नावच ‘हॅलोविन एंड्स’ ठेवलं, तेव्हा प्रेक्षकांना वाटलं की चला, आता तरी सोक्षमोक्ष लागेल. लागतो, पण ज्या बाईसाठी आपण इतकी वर्षं थांबलो, तिला बाजूला बसवून.

ज्यांनी यातला एकही भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडंसं मागचं. ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोविन साजरा होतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात. याच रात्री हॅडनफील्ड या काल्पनिक गावात ६ वर्षांचा मायकल आपल्या थोरल्या बहिणीचा खून करतो. १५ वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो आणि शेजाऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या लॉरी स्ट्रोड या शाळकरी मुलीच्या मागे लागतो. जॉन कार्पेंटरने हा पहिला सिनेमा जेमतेम ३ लाख डॉलर्समध्ये केला. मायकलचा तो प्रसिद्ध मुखवटा २ डॉलर्सहून कमी किमतीत दुकानातून आणलेला. ‘स्टार ट्रेक’मधल्या विल्यम शॅटनरचा चेहरा होता तो, त्यालाच पांढरा रंग फासला. पडद्यावर रक्त फारसं दिसत नाही, तरी अंगावर काटा येतो. कारण हा माणूस लॉरीच्या मागे का लागलाय, हे कुणालाच कळत नाही.

२०१८ मध्ये दिग्दर्शक ग्रीनने मधले सगळे भाग बाजूला सारले आणि गोष्ट थेट १९७८ ला जोडली. लॉरी आता आजी झालीय. ४० वर्षं तिने मायकलची वाट पाहण्यात घालवलीत. घराला लोखंडी दारं, तळघरात बंदुका. या धास्तीपायी तिच्या मुलीला, कॅरेनला, सरकारी लोक लहानपणीच घेऊन गेले, संसार मोडले. एका रात्रीच्या हल्ल्याची किंमत एक बाई जन्मभर कशी मोजते, हे त्या सिनेमाने फार चांगलं दाखवलं होतं. म्हणूनच पुढच्या दोन भागांकडून अपेक्षा होत्या. पण २०२१ च्या ‘हॅलोविन किल्स’मध्ये लॉरीला सिनेमाभर हॉस्पिटलमध्ये ठेवलं आणि शेवटी कॅरेनला मारून टाकलं.

आता ‘एंड्स’. (पुढे शेवट सांगितला आहे.) सुरुवातीची काही मिनिटं फार जबरदस्त आहेत, हे आधी मान्य करायला हवं. कोरी हा साधा तरुण हॅलोविनच्या रात्री एका मुलाला सांभाळायला जातो. मुलगा खोडी म्हणून त्याला माळ्यावर कोंडतो. घाबरलेला कोरी दाराला लाथा घालतो, दार धाडकन उघडतं, पलीकडे उभा असलेला मुलगा जिन्यावरून खाली कोसळतो. नेमके त्याच क्षणी आईबाबा घरात पाऊल टाकतात. मुलांना कुणाच्या तरी भरवशावर ठेवून बाहेर जाणाऱ्या आईवडिलांच्या पोटात गोळाच येईल. इथे मायकल नाही, मुखवटाही नाही.

मग मात्र घसरण सुरू होते. गावाने खुनी ठरवलेला कोरी गटाराच्या बोगद्यात मायकलच्या तावडीत सापडतो, दोघांची नजरानजर होते आणि मायकल त्याला चक्क सोडून देतो. त्यानंतर काही दिवसांत हा बुजरा मुलगा एकामागून एक मुडदे पाडू लागतो. दुष्टपणा संसर्गासारखा पसरतो, असं दिग्दर्शकाला म्हणायचंय. कल्पना वाईट नाही. पण तिला एक अख्खा वेगळा सिनेमा हवा होता. मालिकेच्या शेवटच्या भागात अर्धा वेळ नव्या पोराला द्यायचा आणि मायकलला बोगद्यात म्हाताऱ्यासारखं धापा टाकत बसवायचं, हा हिशेब काही जमत नाही. लॉरीची नात अ‍ॅलिसन तर त्याच्या इतक्या झटपट प्रेमात पडते की पटकथा लिहिणाऱ्यांना बस पकडायची होती की काय, अशी शंका येते.

सगळ्यात मोठी गडबड लॉरीची. मायकल कोठडीत होता तेव्हा जिने घराचा किल्ला केला, ती आता तो मोकाट फिरत असताना, मुलीचा खून झालेला असताना, शांतपणे पाय भाजतेय, आठवणींचं पुस्तक लिहितेय! माणूस बदलतो, बदलूही शकतो. पण हा बदल कसा झाला, त्या चार वर्षांत तिने मुलीचं दुःख कसं गिळलं, हे दाखवायला सिनेमाला वेळ नाही.

एका प्रसंगात मात्र खरी ठिणगी आहे. सुपरमार्केटमध्ये जुना ओळखीचा पोलीस फ्रँक तिला भेटतो. दोघं चेरीच्या फुलांबद्दल, जपानी भाषेबद्दल बोलतात, लॉरी लाजते. छान हलकाफुलका प्रसंग आहे. ती बाहेर येते तर जखमी बहिणीला घेऊन उभी असलेली एक बाई तिला सुनावते की, तूच त्या राक्षसाला डिवचलंस. जिच्यावर हल्ला झाला, तिलाच जाब विचारायचा. ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे वाक्य ऐकायला बायकांना अमेरिकेत जावं लागत नाही. कर्टिसच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्यावर अख्खा सिनेमा उभा राहू शकला असता. पण कॅमेरा पुन्हा कोरीच्या मागे धावतो.

शेवटची स्वयंपाकघरातली झटापट चांगली आहे. लॉरी मायकलला टेबलावर सुऱ्यांनी खिळवते, त्याच्या अंगावर फ्रिज पाडते. मग सगळं गाव मिरवणुकीने त्याचं प्रेत भंगारच्या यार्डात नेतं आणि ते यंत्रात घालून भरडलं जातं. आता तो परत येणार नाही, याची खात्री पटते. पण याच गावाने लॉरीला जे ऐकवलं त्याचं काय, हा प्रश्न सिनेमा यार्डातच सोडून देतो.

प्रेक्षकांनाही हे जाणवलं असावं. २०१८ च्या भागाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर्स कमावले होते, हा १० कोटींच्या आसपास थांबला. अर्थात अमेरिकेत तो त्याच दिवशी ओटीटीवरही आला होता, त्याचाही फटका बसला असणार. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’मध्ये कर कार्यालयातली खडूस बाई साकारून कर्टिसने २०२३ चा ऑस्कर पटकावला.

पाहायचाच असेल तर आधी १९७८ चा आणि २०१८ चा भाग पाहा, मग वाटलं तर हा. मुलं झोपल्यावरच, कारण यातली हिंसा त्यांच्यासाठी मुळीच नाही. आणि नावावर जाऊ नका, २०२३ मध्येच ‘हॅलोविन’च्या टीव्ही मालिकेचे हक्क विकले गेले आहेत.