गोदामातले विष, घुबडाच्या पोटात

पडघ्याच्या आसपास भाताच्या खाचरांना लागून आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या पट्ट्यात उंदरांना खाणे आणि निवारा एकाच छपराखाली मिळतो. उंदरांमागोमाग विषाच्या वड्या येतात, आणि गव्हाणी घुबडही.

हे घुबड अंधारात केवळ आवाजावरून उंदीर टिपते. त्याच्या कानांची छिद्रे वर-खाली असतात, त्यामुळे आवाजाची जागा अचूक कळते. उंदीर ते बहुधा अख्खाच गिळते. मांस पचते, हाडे आणि केस यांची गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडते. अशा गोळ्या फोडून, त्यातल्या कवट्या मोजून अभ्यासक त्याच्या खाण्याचा हिशेब मांडतात. विष मात्र अंगातच राहते.

ब्रोमाडायोलोन हे त्यातले नेहमीचे. वडीत त्याचे प्रमाण ०.००५ टक्के, पण ते ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवून रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्तावलेला हिंडतो, म्हणजे आयतीच शिकार. त्याच्या यकृतातले विष घुबडाच्या यकृतात साठते आणि पुढच्या उंदराबरोबर वाढते. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडे अशीच खाण्यातून संपली. पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली तोवर फार उशीर झाला होता.

उंदीर नकोतच, यात वाद नाही. त्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात खाचरात राबणाऱ्यांना गाठतो. पण उंदीर दिसो न दिसो, दर महिन्याला वड्या ठेवायच्या, ही कंत्राटी पद्धत चुकीची आहे. मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत उंदरांसाठी याच जातीच्या घुबडांना पेट्या लावून घरटी करू देतात. आपण फुकटचा पहारेकरी मारतो. (वर त्याला अशुभही म्हणतो, लक्ष्मीचे वाहन असूनही.)

गोदामात आधी दाराखालच्या फटी बुजवाव्यात, सांडलेले धान्य रोज झाडावे, पिंजरे लावावेत. विष शेवटी, तेही मोजक्या दिवसांपुरते. बंद पेटीत ठेवलेली वडी कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागत नाही एवढेच; ती खाऊन बाहेर पडलेला उंदीर घुबडाला मिळतोच. म्हणून त्या दिवसांत रोज सकाळी आवारात फिरून मेलेले उंदीर हातमोजे घालून उचलावेत आणि खोल पुरावेत. उकिरड्यावर टाकू नयेत.