खेळांतील आवाजाचें तारतम्य

डोळ्यांस पापणी आहे, ओठ मिटतां येतात. परंतु कानांस दार नाहीं. जो आवाज येईल तो कानास घ्यावाच लागतो. म्हणून दुसऱ्याच्या कानांत आवाज घालणाराची जबाबदारी मोठी आहे, असें आम्हांस वाटतें. मोबाईल व संगणक यांवरील जे खेळ व्हिडिओ गेम या नांवानें सर्वांस ठाऊक आहेत, त्यांविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत. हे खेळ चांगले कीं वाईट, या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आमची तक्रार एकाच गोष्टीपुरती आहे. या खेळांत लहान आवाज फार लहान व मोठा आवाज फार मोठा असतो, आणि त्या दोहोंतील अंतराचा भार मुलाच्या कोंवळ्या कानावर पडतो.

या गोष्टीकडे आमचें लक्ष कसें गेलें तें सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमचीही चूक आहे. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत आम्ही श्रुतलेखन घालीत होतों. तिसऱ्या बांकावरील एक हुशार मुलगा ‘साथ’च्या जागीं ‘सात’ आणि ‘पाठ’च्या जागीं ‘पाट’ असें लिहूं लागला. दोन वेळां समज दिली. तिसऱ्या वेळीं, लक्ष नाहीं म्हणून, आम्हीं त्यास तासभर उभें केलें. त्याच आठवड्यांत रविवारीं दुपारीं तो वसतिगृहाच्या ओट्यावर कानांत इयरफोन घालून खेळत बसलेला दिसला. आम्हीं हांक मारली, ती त्यास ऐकूं गेली नाहीं. जवळ जाऊन त्याचा एक इयरफोन आम्हीं आपल्या कानास लावला. प्रथम कांहींच ऐकूं येईना. मग गवतावर पाऊल पडल्यासारखी अगदीं बारीक सळसळ. आणि लगेच बंदुकीचा असा बार झाला कीं, आम्हीं तो इयरफोन कानांतून ओढूनच काढला.

“अरे, एवढा आवाज कशाला ठेवतोस?” आम्हीं विचारलें.

“सर, पायाचा आवाज आयकाले पुरा आवाज वाढवा लागते, नाहीं तं मागून येऊन मारते.”

या एका वाक्यांत सर्व प्रश्न आला. मोठा आवाज आवडतो म्हणून मुलगा आवाज वाढवितो, अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. त्याला हवा असतो तो बारीक आवाज. शत्रूचें पाऊल कोणत्या बाजूनें येत आहे, यावर त्याचा डाव अवलंबून असतो. तें पाऊल ऐकावें म्हणून तो आवाज चढवितो, आणि त्याच मापानें बंदुकीचा बार व स्फोट हेही चढतात. खेळ फुकटांत मिळालेला असेल तर मध्येंच जाहिरात येते, ती आणखी कर्कश. पुढें जिल्ह्याच्या ठिकाणीं त्या मुलाच्या कानांची तपासणी करविली. उजव्या कानास उंच पट्टीचे सूर कमी ऐकूं येतात असें निघालें. त्याचें कारण हा खेळच, असें डॉक्टरांनीं ठामपणें सांगितलें नाहीं, व आम्हीही सांगत नाहीं. परंतु ज्या मुलास आम्हीं बेपर्वा समजून उभें केलें, त्यास शब्द नीट ऐकूंच येत नव्हते, हें खरें ठरलें. आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली.

येथें थोडी शरीरशास्त्राची माहिती देणें जरूर आहे. कानाच्या आंत गोगलगाईच्या शिंपल्यासारखा एक वेटोळा अवयव असतो. त्यांत सुमारें पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजानें त्या हलतात व तो संदेश मेंदूकडे जातो. अति मोठ्या आवाजानें त्या मरतात, आणि मनुष्याच्या कानांत मेलेली केशपेशी पुन्हां उगवत नाहीं. गोंगाटानें होणारी हानि बहुधा उंच सुरांपासून आरंभते. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘फ’ या वर्णांची ओळख ज्या बारीक आवाजांवर ठरते ते याच प्रांतांतील. म्हणून अशा मुलास कोणी बोलत आहे हें कळतें, पण काय बोलत आहे तें कळत नाहीं. शिक्षकास मात्र तो दुर्लक्ष करणारा वाटतो.

आवाजाचें माप डेसिबल. पण त्याचा हिशेब साध्या बेरजेचा नव्हे. दहा डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. तीन वाढले कीं जवळजवळ दुप्पट. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनीं २०१८ सालीं उपकरणांसाठीं जें प्रमाण ठरविलें, त्यांत प्रौढांस ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, व मुलांस ७५ डेसिबलचा आवाज तितकेच तास, अशी मर्यादा घातली आहे. पुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा करावयाचा. म्हणजे प्रौढासही ८३ वर वीस तास, ८६ वर दहा, ८९ वर पांचच तास उरतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. सुटीच्या एका दिवसांत आठवड्याची शिदोरी कशी संपते, तें त्यांस दिसेल.

आतां हें अंतर मुळांत पडतें कां? आमच्या झाडीपट्टींतील नाटकें सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. दिवाळी झाली कीं देसाईगंज-वडसा येथील मंडळ्या गांवोगांव निघतात आणि नाटक रात्रभर चालतें. या रंगभूमीच्या सेवेबद्दल श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, ही आम्हां सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. अशा नाटकांत आवाजाच्या यंत्राशीं एक मनुष्य बसलेला असतो. आई मुलास निरोप देत हळू बोलूं लागली कीं तो वाद्यांचा आवाज उतरवितो. गाणें लागलें कीं पुन्हां चढवितो. त्याचा डोळा लागला तर काय होतें, हेंही आपण अनुभवलेलें आहे. चित्रपटांत हेंच काम पडद्यावर येण्यापूर्वींच एकदां नीट करून ठेवलेलें असतें. परंतु व्हिडिओ गेममध्यें पुढच्या क्षणीं काय घडेल तें खेळणाराच्या हातीं असतें. एकच बंदूक उडेल कीं दहा उडतील, हें आधीं ठाऊक नसतें. म्हणून तेथें यंत्राजवळच्या त्या मनुष्याचें काम खेळाच्या रचनेनेंच केलें पाहिजे. कांहीं खेळ तें उत्तम करितात. अनेक करीत नाहींत.

हें करणें अशक्य आहे असें कोणीं म्हणूं नये. सरासरी आवाज कसा मोजावा याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ सालीं घालून दिली. २०१० सालीं युरोपांतील प्रसारण-संस्थांच्या संघानें सर्व कार्यक्रमांचा आवाज एका पातळीवर आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षीं अमेरिकेंत, जाहिरातीचा आवाज कार्यक्रमाहून मोठा असूं नये, असा कायदा झाला. आपल्या देशांतही केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरात अवाजवी कर्कश नसावी असें कलम आहे. आणि खेळांपुरतेंच बोलावयाचें तर, २०२५ सालीं वरील दोन जागतिक संस्थांनीं व्हिडिओ गेमसाठीं स्वतंत्र प्रमाण प्रसिद्ध केलें. खेळांतील निरनिराळ्या आवाजांस निरनिराळे नियंत्रण असावें, कानावर किती आवाज पडला याचा हिशेब ठेवून इशारा मिळावा, अशा सूचना त्यांत आहेत. मात्र त्या पाळण्याची सक्ति नाहीं. मार्ग आहे, इच्छा मात्र निर्मात्यांची हवी.

कोणी म्हणतील, “मुलानें आवाज कमी करावा, म्हणजे झालें.” हें म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. आवाज कमी करणारा मुलगा पाऊल ऐकत नाहीं व हरतो. जेथें शहाणपणानें वागणारास शिक्षा होते, तेथें दोष त्या रचनेचा आहे. दुसरे म्हणतील, “बंदूक पावलापेक्षां मोठीच वाजली पाहिजे, नाहीं तर खेळांत जिवंतपणा काय राहिला?” तेंही आम्हांस मान्य आहे. सगळेच सूर सारखे केले तर संगीतही मरतें. परंतु खरी बंदूक १४० डेसिबलांहूनही मोठी वाजते, आणि ती कोणासही आपल्या कानांत नको असते. मर्यादा तर सर्वच घालतात. ती कानास सोसेल अशी घालावी, एवढीच आमची मागणी आहे.

आमच्या वसतिगृहांत आम्हीं खेळांस बंदी केली नाहीं. बंदी केलेली वस्तु पांघरुणांत जाते. पण चार गोष्टी ठरविल्या. ज्या खेळांत आवाजांची निरनिराळीं नियंत्रणें आहेत, तेथें बार उतरवून पाऊल चढवावें. एका हाताच्या अंतरावरील सोबत्याचें साधें बोलणें ऐकूं येईनासें झालें, तर आवाज जास्त आहे असें समजावें. तासाभरानें कानास विसांवा द्यावा. कानांत शीळ वाजूं लागली तर लपवूं नये, सांगावें. शिवाय पत्रलेखनाच्या तासास मुलांनीं खेळांच्या निर्मात्यांस उद्देशून नम्र पत्रें लिहिलीं. कांहीं मुलांनीं खेळाखालीं अभिप्राय लिहिण्याची जी जागा असते तेथें तीं घातलींही. उत्तर येवो न येवो, तक्रार सभ्य शब्दांत कशी करावी हें मुलें शिकलीं. ज्या मुलास आम्हीं उभें केलें होतें, त्याचें पत्र सर्वांत चांगलें उतरलें. तो आतां पहिल्या बांकावर बसतो.

पालकांस व विद्यार्थ्यांस शेवटची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपले चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे अरण्याचे. ताडोबाच्या कांठच्या गांवांतील बाई पहाटे मोहफुलें वेंचावयास निघते, तेव्हां वाळलेल्या पानांची सळसळ, वानराचा इशाऱ्याचा आवाज, किंवा एकाएकीं पडलेली शांतता, यांवर तिचा जीव अवलंबून असतो. खेळांत पाठीमागून आलेल्या शत्रूनें मारलेला मुलगा पुन्हां उठतो व नवा डाव मांडतो. येथें दुसरा डाव नाहीं. ज्या मुलांस पुढें याच रानांतून जावयाचें आहे, त्यांचे कान खेळांतील खोट्या पावलांपायीं खर्चीं पडावेत, हें कोणासही मान्य होणार नाहीं.

एलीया संदेष्टा डोंगरावर उभा होता, तेव्हां वाऱ्यांत, भूकंपांत व अग्नींत त्यास परमेश्वर भेटला नाहीं. त्यांमागून आलेल्या मंद वाणींत भेटला, असें शास्त्रांत आहे. ती वाणी ऐकूं यावी इतका तरी कान आपल्या मुलांचा शाबूत राहो, अशी आमची प्रार्थना आहे. आणि शिक्षकांनींही मुलास उभें करण्यापूर्वीं, त्यास ऐकूं येतें ना, एवढें एकदां विचारावें.