वायरिंगचं काम देण्याआधी कागद मागा

जून उजाडला की कात्रजमध्ये भिंतींना झिऱ्या मारण्याचा आवाज सुरू होतो. भारती विद्यापीठ आणि आंबेगावच्या महाविद्यालयांचे प्रवेश तोंडावर आलेले असतात. सुखसागरनगरपासून आंबेगाव पठारापर्यंत कुणी हॉलच्या दोन खोल्या करतं, कुणी गच्चीवर पत्र्याच्या खोल्या चढवतं. रंग, फरशी, पलंग, कपाटं यांचा हिशोब होतो आणि उरलेल्या पैशांत ‘लाइटचं काम’ उरकलं जातं. ते करायला ओळखीतला एखादा मुलगा येतो. त्याच्या हाताला सफाई असते, कष्टालाही तो कमी नसतो. पण त्याच्याकडे परवाना आहे का, हे आपण विचारत नाही. ते विचारा, एवढंच सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे आणि तो आजचा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ही तरतूद होती. पुढे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत, २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या, ती कायम राहिली. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसंच्या तसं बदलायला परवाना लागत नाही. नवी लाइन ओढणं, गिझरचा पॉइंट काढणं, डीबी म्हणजे घरातली वीजवाटपाची पेटी बदलणं, खोल्या वाढवून वायरिंग फिरवणं ही कामं मात्र परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवीत. त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख हवी आणि हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना हवा. ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री हे तीन वेगळे कागद आहेत. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. परवान्याची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा. शंका आली तर पुण्यात विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे, तिथे विचारता येतं.

आता पैशांचं. दोन कोटेशनांत मोठा फरक दिसला की आपण महागड्याला लुटारू समजतो. आधी ‘पॉइंट’ म्हणजे काय ते विचारा. एकाच्या पॉइंटमध्ये वायर, पाइप, बोर्ड, बटण आणि मजुरी असं सगळं धरलेलं असतं, तर दुसऱ्याने नुसती मजुरी सांगितलेली असते. माल कुणाचा, वायर कोणत्या कंपनीची, आयएसआय मार्कची आहे का आणि किती जाडीची, हे कागदावर उतरवून घ्या. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगला अडीच, गिझर आणि एसीला चार, असा साधारण हिशोब असतो. घरगुती वायरचं बंडल ९० मीटरचं येतं. गिझरच्या लाइनला चारऐवजी अडीचची वायर घातली तर बंडलामागे पैसे वाचतात खरे, पण ती वायर भिंतीच्या आत रोज तापत राहते आणि हे कुणाला दिसत नाही. ठेकेदाराने जीएसटी लावला असेल तर बिलावर त्याचा क्रमांक मागा. सगळे पैसे एकदम देऊ नका, शेवटचा हप्ता चाचणी होईपर्यंत हातात ठेवा.

स्वस्त कोटेशनमधून सर्वात आधी गळतं ते अर्थिंग. आपल्याकडे त्याला कारणही आहे. कात्रजची जमीन घाटाच्या पायथ्याची. थोडा मुरूम लागला की खाली काळा कातळ. कातळातून वीज जमिनीत सहज उतरत नाही, म्हणून खड्डा खोल घ्यावा लागतो, कधी ड्रिल मारावं लागतं, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं. हा खर्च मोठा असतो आणि काम झाल्यावर त्यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. मग काही जण प्लगची अर्थची पिन बोर्डातच न्यूट्रलला जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लावला की तो पेटतो आणि मालकाचं समाधान होतं. हे जीवघेणं आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रीजचा, गिझरचा, वॉशिंग मशीनचा पत्रा जिवंत होतो. ‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. खड्डा कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि अर्थ टेस्टरवर आलेला आकडा लिहून घ्या. परवानाधारक ठेकेदाराकडे हे यंत्र आणि वायरचं इन्सुलेशन तपासणारा मेगर असायलाच हवा.

दुसरी गळणारी वस्तू म्हणजे आरसीसीबी. एमसीबी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. पण १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, माणूस वाचवण्यासाठी नव्हे. माणसाचा जीव घ्यायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो आणि एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तेवढी गळती ओळखून क्षणात वीज तोडतो. एका खोलीच्या एका महिन्याच्या भाड्यात तो बसतो. भाडेकरूंच्या खोल्यांना तो नसेल तर ते काम पुरं झालं असं मी मानत नाही.

मग येतो लोड. आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आलं; मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी २०२१ मध्ये आली. ग्रामपंचायतीच्या काळात एका कुटुंबासाठी बांधलेल्या कितीतरी घरांत आता विद्यार्थी राहतात. दहा खोल्यांत दोन किलोवॉटचे दहा गिझर असले आणि सकाळी सातला सगळे सुरू झाले, तर २० किलोवॉट होतात. त्यात किटली, इस्त्री, इंडक्शन वेगळेच. तुमचा मंजूर भार किती, ते वीजबिलावर छापलेलं असतं. तो कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. सारखा ट्रिप होतो म्हणून मोठा एमसीबी बसवून घेणं हा उपाय नाही. त्याने वायर जळायची सोय होते.

नव्या जोडणीला किंवा भार वाढवताना ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्यात काही ठिकाणी वेगळाच व्यवहार चालतो: काम एकाने करायचं आणि अहवालावर सही-शिक्का दुसऱ्याचा, ज्याने घर पाहिलेलंही नसतं. पैसे देऊन अशी सही आणू नका. ज्याची सही आहे त्याला घरी बोलवा, तुमच्यासमोर मेगर लावायला सांगा. आणि मीटरची पेटी जमिनीलगत असेल तर याच वेळी वर घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा घराघरांत पाणी किती लवकर चढतं हे आपण पाहिलं आहे.

गावाकडून मुलाला खोली दाखवायला आलेल्या आई-वडिलांनाही सांगणं आहे. पाणी, मेस, बसथांबा विचाराल, तसं डीबीचं झाकणही उघडून पाहा. आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं. मालकांना विचारून ते दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली, किंवा तसं बटणच नसेल, तर मालकांना तसं स्पष्ट सांगा आणि चालू आरसीसीबी बसवून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. मुलांनी सहा अँपिअरच्या प्लगवर मल्टिप्लग लावून इंडक्शन चालवू नये. त्या प्लगची ताकद जेमतेम १,३८० वॉटची आणि इंडक्शन घेतो दोन हजारांपर्यंत. बोर्ड गरम लागला, जळका वास आला किंवा नळाला हात लावताना मुंग्या आल्या तर मेन बंद करा आणि लगेच मालकांना कळवा. रस्त्यावरची तार तुटली किंवा मीटरपेटीत ठिणग्या दिसल्या तर महावितरणच्या १९१२ वर फोन करा, जवळ जाऊ नका.

आणि जी मुलं हे काम करतात त्यांनो, तुमच्या पोटावर पाय यावा म्हणून यातलं काही लिहिलेलं नाही. आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा दाखला असेल तर परवान्याचा अर्ज करा. नसेल तर परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली काम धरा, कारण अपघात झाला तर पहिला झटका बसतो तो तुम्हालाच, आणि बिनपरवाना केलेल्या कामात तुमच्या मागे उभं राहायला कुणी नसतं. परवाना मिळाला की त्याचा क्रमांक कोटेशनवर लिहा आणि त्या कामाचे पैसे पुरेपूर मागा. मालकांनो, ते देताना घासाघीस करू नका.